वादळाआधी गच्चीवरचे पत्रे

प्रश्न : दांडिया बाजारात आमचं किराणा दुकान आहे, वर घर. गच्चीवर पत्र्याची शेड आणि 500 लिटरची टाकी. वादळाचा इशारा आला की नेमकं काय करावं? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, त्यामुळे शेडचं काम एप्रिलमध्येच उरका. पत्रा मधून उडत नाही, कडेकडून आणि कोपऱ्यातून उचकटतो. वारा खाली शिरून वर ढकलतो, वरून ओढही बसते. म्हणून कडेच्या ओळींत एक पन्हळ सोडून एक जे-हूक (पत्रा खालच्या पाइपला धरून ठेवणारा वाकडा बोल्ट) हवा, आणि तोही पन्हळीच्या उंचवट्यावर. खोलगट भागात भोक पाडलं की गळती ठरलेली. गंजके हूक आणि तडकलेले वॉशर बदलाच. पत्र्यावर विटा ठेवणं मात्र बंद करा, त्याच उडून शेजाऱ्याच्या काचेवर जातात.

टाकी भरून ठेवा. 500 लिटर पाणी म्हणजे 500 किलो वजन. रिकामी टाकी लोळत जाते.

वडोदऱ्यात वाऱ्याइतकाच धोका पाण्याचा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा मगरीही रस्त्यावर दिसल्या. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवरून उचलून कमरेच्या वर घ्या. साखर, पीठ सर्वांत वरच्या फळीवर. तेलाचे सीलबंद डबे खाली चालतील. पाणी आत यायच्या आधी मेन स्विच बंद करा. नंतर भिजलेला फ्रीज नुसता वाळलेला दिसला म्हणून लावू नका, आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.