सिद्धान्त आधी स्वतःला लावावा

प्रश्न : मी सांगलीतील एका पतसंस्थेत शाखाधिकारी असून पदविकेसाठी नेतृत्वाचे सिद्धान्त अभ्यासतो आहे. परीक्षेपलीकडे त्यांचा मला काही उपयोग होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : होईल, मात्र ते सहकाऱ्यांना लावण्याआधी आपण स्वतःला लावून पाहिले पाहिजेत. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मुलांच्या गटांवरील प्रयोगांतून हुकूमशाही, लोकशाही आणि मोकळीक देणारी अशा तीन नेतृत्वशैली मांडल्या. त्या वाचताना आपल्याला बहुधा जुने साहेबच आठवले असतील. सगळ्यांचे तसेच होते! व्यवस्थापनतज्ज्ञ हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेला परिस्थितीनुरूप नेतृत्वाचा, म्हणजे समोरच्याच्या तयारीप्रमाणे आपली शैली बदलण्याचा, विचार आपल्याला अधिक उपयोगी पडेल, कारण नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला नेमक्या सूचना लागतात, तर वीस वर्षे रोकड सांभाळणाऱ्या रोखपालाला त्याच सूचना अपमानास्पद वाटू शकतात. आपण दोघांशी एकाच सुरात बोलता का, हे महिनाभर रोज संध्याकाळी वहीत टिपून ठेवावे आणि शक्य झाल्यास त्या रोखपालांनाच त्याविषयी विचारावे. त्यांचे उत्तर कदाचित आवडणार नाही. तरीही तेही त्याच वहीत लिहावे.