‘मला छोटा देश मिळाला’ : एमयूएनच्या आधीची पोटदुखी

शाळांमध्ये एमयूएनचे, म्हणजे मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी चर्चा करण्याच्या ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ परिषदांचे, वारे वाहू लागले की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : मूल हुशार आहे, नावही त्याने स्वतः हौसेने दिले आहे, पण तारीख जवळ येऊ लागली तशी त्याची झोप उडाली आहे, आता नाव काढून घ्यावे की रेटून पाठवावे? याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून 2025च्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका मुलाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत आणि त्याच्या व त्याच्या आईवडिलांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

मुलगा नववीतला. सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला आणि आठवीत इंग्रजी शाळेत आलेला. परिषद ऑगस्टमध्ये होती आणि जुलैच्या सुरुवातीपासूनच सकाळी शाळेच्या वेळेला त्याचे पोट दुखू लागले होते. आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, असे मी फोनवरच सांगितले होते. पोटात काही नाही असे त्यांनी सांगितल्यावरच आम्ही भेटलो. आई येताना एक जाड फाइल घेऊन आल्या होत्या. हवामानबदलावरचे छापील कागद, त्यांवर पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या, महत्त्वाच्या ओळींखाली पट्टी धरून ओढलेल्या रेघा, आणि हे सर्व आईच्याच हातचे. ‘एवढं वाचून काढलं की भीती जाईल ना, मॅडम?’ असे त्या विचारत होत्या तेव्हा मुलगा फाइल सोडून खोलीतले सर्व काही पाहत होता.

पहिल्या भेटीत माझेच चुकले. मी त्याला सावकाश श्वास घेण्याचा सराव दाखवू लागले आणि त्याने अतिशय नम्रपणे सांगितले, ‘मॅडम, हे मी यूट्यूबवर पाहिलंय.’ मग मी तंत्र बाजूला ठेवले आणि त्या दिवशी नेमके काय होईल असे त्याला वाटते, एवढेच विचारले. ‘मी उभा राहीन, शब्द आठवणार नाही, मग मनातल्या मनात मराठीतून भाषांतर करत बसेन, आणि मागून कोणीतरी हसेल.’ थोडे थांबून त्याने जोड दिली, ‘आणि देशपण वानुआतू मिळालाय. माझ्या मित्राला फ्रान्स आहे.’

भीती इंग्रजीची आणि हसू होण्याची होती. देशाचे गाऱ्हाणे हे तिच्यावर घातलेले पांघरूण होते. ‘छोटा देश मिळाला म्हणून गेलो नाही’ हे चारचौघांत सांगता येते, ‘घाबरलो म्हणून गेलो नाही’ हे सांगता येत नाही. पालकांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. नाव काढून घेतले की त्याच संध्याकाळी पोटदुखी थांबते आणि सगळ्यांना हायसे वाटते, पण पळ काढला की बरे वाटते हे मनाने शिकून घेतलेले असते आणि पुढच्या वेळी भीती अधिक लवकर व अधिक जोराने येते. रेटून पाठवणे हाही उपाय नव्हे, कारण त्यात मूल फक्त तो दिवस कसाबसा सोसते. म्हणून आम्ही तिसरा मार्ग घेतला : परिषदेच्या आदल्या रविवारी जायचे की नाही हे तोच ठरवील, आणि तोपर्यंत तयारी मात्र जायचे आहे असे धरून होईल. वडिलांना हे फारसे रुचले नाही (‘फी भरून झाली आहे’ हा त्यांचा मुद्दा होता), पण त्यांनी शब्द पाळला.

एमयूएनचा एक नियम अशा मुलांच्या फार उपयोगाचा आहे आणि तो सहसा कोणी त्या दृष्टीने पाहत नाही. बहुतेक परिषदांमध्ये प्रतिनिधीला भाषणात ‘मी’ म्हणता येत नाही. ‘वानुआतूच्या प्रतिनिधीला असे वाटते’ असेच बोलावे लागते. इतरांना तो शिष्टाचार वाटतो, बुजऱ्या मुलासाठी मात्र तो आडोसा असतो. उभा राहणारा तो नसून एक देश आहे, ही कल्पना त्याला लगेच पटली आणि पहिल्यांदाच त्याने विचारले, ‘पण वानुआतूला म्हणायचंय काय?’

फाइल आम्ही बंदच ठेवली. एका कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिहिले : या देशावर काय गुदरले आहे, त्याने आजवर काय केले आहे, आणि त्याला इतरांकडून काय हवे आहे. पुढच्या भेटीला तो उत्तरे घेऊन आला. पॅसिफिक महासागरातला, सुमारे 80 बेटांचा, तीन-सव्वातीन लाख वस्तीचा हा देश. मार्च 2023च्या सुरुवातीला काही दिवसांच्या अंतराने दोन चक्रीवादळांनी त्याला झोडपले, आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेला त्याच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक ठराव मतदानाविना संमत केला : हवामानाबाबत देशांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवावे. या मागणीचा उगम 2019 मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांच्या मोहिमेत होता, हे वाचून तो जरा ताठ बसला. आमची तयारी चालू असतानाच, 23 जुलैला, न्यायालयाने एकमताने मत दिले की हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते. हे मत बंधनकारक नसते, हेही त्याने मला बजावून सांगितले. फ्रान्सचे नाव त्यानंतर निघाले नाही.

इंग्रजीचा प्रश्न शिल्लक होता. खऱ्या संयुक्त राष्ट्रांत सहा अधिकृत भाषा असतात आणि कानात दुभाषा असतो. आपल्याकडच्या शाळकरी परिषदांत बहुधा एकच भाषा असते आणि दुभाषा नसतो, त्यामुळे या बाबतीत मुलांचा खेळ मोठ्यांच्या कामाहून कठोर आहे असे माझे मत आहे. वानुआतूत शंभराहून अधिक भाषा आहेत आणि त्यांना जोडणारी बिस्लामा ही इंग्रजी शब्दांपासूनच घडली आहे. तिच्यात ‘युमी’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण, आणि ‘मिफाला’ म्हणजे त्याला वगळून आम्ही. हे त्यानेच शोधून आणले होते. ‘मॅडम, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे. आपल्याकडे आहेत ना दोन!’ आपले मराठी इथे कामाला आले, याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर लपत नव्हता. पहिल्या भाषणाचे शेवटचे वाक्य ‘युमी’वर बेतायचे, हे तिथेच ठरले.

भाषण नव्वद सेकंदांचे. पहिली चार वाक्ये तोंडपाठ, पुढचे फक्त मुद्द्यांवरून. सराव चढत्या पायरीने केला : आधी बंद खोलीत, मग फोनवर ध्वनिमुद्रण करून, मग जेवणाच्या टेबलाशी घरच्यांसमोर. जुन्या कालनिर्णयाच्या पानामागे स्केचपेनने देशाचे नाव लिहून त्याने प्लॅकार्ड केले आणि चेअर, म्हणजे सभाध्यक्ष, म्हणून आजींना बसवले. आजींना इंग्रजी कळत नाही. त्याने त्यांना भाषणाचा मतलब मराठीत सांगितला, तेव्हा त्यांनी विचारले, ‘अरे, पण तुझा देश बुडतोय तर ती माणसं उठून दुसरीकडं का जात नाहीत?’ त्याला उत्तर आले नाही. दोन दिवस शोधून त्याने उत्तर तयार केले : शेजारच्या फिजीत वुनिदोगोलोआ हे गाव 2014 मध्ये उठवून वर वसवले गेले, पण गाव हलवता आले तरी समुद्र, शेते आणि पुरलेले पूर्वज हलवता येत नाहीत, आणि खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न उरतोच.

आणखी एक सूचना मी दिली होती. वक्त्यांची यादी सुरू होताच प्लॅकार्ड वर करायचे आणि पहिल्या दहांत नाव घालायचे, कारण वाट पाहण्यात भीती वाढत जाते. रविवारी त्याने जायचे ठरवले. पोट त्या सकाळीही दुखले. त्याने ते आईला सांगितले आणि तरीही बसमध्ये बसला.

परिषदेनंतर भेटला तेव्हा त्याने हिशेब दिला. सातव्या क्रमांकावर बोलला, हात थरथरला, मधले एक वाक्य गळाले, बेलच्या आत संपवले. बक्षीस मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी ठरावाच्या मसुद्यावर सह्या गोळा करताना एका मोठ्या देशाचा प्रतिनिधी त्याच्या टेबलाशी आला होता, हे मात्र त्याने मला दोनदा सांगितले. तक्रार एकच होती : आजीचा प्रश्न तिथे कोणीच विचारला नाही.