शंका-समाधान : डिस्क नसलेल्या मशीनवर अडकणारा ब्राउझर

प्रश्न : आमची लिनक्स मशीन्स हार्डडिस्कशिवाय चालतात. बूट नेटवर्कवरून होतं, होम डिरेक्टरी एनएफएसच्या (नेटवर्कवरून फाइली पुरवणारी व्यवस्था) आवृत्ती 3 वर आहे. सर्व्हरवर फायरवॉल लावल्यापासून फायरफॉक्सची खिडकीच उघडत नाही. एडिटर, टर्मिनल, फाइल कॉपी सगळं ठणठणीत. ब्राउझर पुन्हा टाकला, नवीन प्रोफाइल केलं, फरक नाही.

उत्तर : ब्राउझर बहुधा बिघडलेलाच नाही, तो लॉक मिळायची वाट बघतोय. इतिहास, कुकी, बुकमार्क हे सगळं तो एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलींत ठेवतो आणि त्या वापरताना फाइल-लॉक मागतो, म्हणजे दुसऱ्या कुणी त्याच वेळी त्यात लिहू नये म्हणून कुलूप. एडिटर सहसा मागत नाही, म्हणून तो सुटतो. नवीन प्रोफाइलही त्याच होममध्ये गेलं, मग फरक कुठून पडणार?

आवृत्ती 3 मध्ये फाइलींचं वाचन-लेखन सर्व्हरच्या 2049 क्रमांकाच्या पोर्टवरून (नेटवर्कचं दार) होतं, पण लॉक देण्याचं काम लॉकडी ही वेगळी सेवा करते. तिचा पोर्ट बांधून दिला नसेल, तर सुरू होताना मिळेल तो घेते. तुमच्या फायरवॉलमध्ये 111 (कोणती सेवा कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणारा), 2049 आणि डिरेक्टरी जोडून देणाऱ्या माउंटडीचा पोर्ट उघडला गेला आणि लॉकडी राहून गेली, असं दिसतं.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. होममध्ये एक रिकामी फाइल करा आणि तिच्यावर 'फ्लॉक' ही लॉक मागणारी कमांड चालवा, पुढे 'ट्रू' ही काहीच न करणारी कमांड द्या. लिनक्सवर एनएफएसमधला फ्लॉकही सर्व्हरकडेच जातो. मग तेच टेंपमध्ये (तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी) करून बघा. टेंपमध्ये प्रॉम्प्ट लगेच परत आला आणि होममध्ये अडकला, तर दोष लॉकचाच. 'आरपीसीइन्फो'ला उणे पी आणि सर्व्हरचं नाव दिलं की 'एनलॉकमॅनेजर'समोर (लॉकडीचं तिथलं नाव) सध्याचा पोर्ट दिसेल.

तो पोर्ट आज उघडला तरी सर्व्हर रीबूट झाल्यावर तीच रड. त्यामुळे सर्व्हरच्या एनएफएस कॉन्फिग फाइलमध्ये लॉकडीला (टीसीपी आणि यूडीपी दोन्ही) आणि तिच्या जोडीच्या स्टॅटडी या सेवेला (रीबूटनंतर लॉकची खबर देणारी) कायमचे पोर्ट द्या, मग फायरवॉलमध्ये तेवढेच उघडा. जमत असेल तर त्यापेक्षा होम आवृत्ती 4 वर न्या. तिथे लॉकही 2049 वरूनच जातात आणि ही भानगडच उरत नाही. माउंट करताना (होम जोडताना) 'नोलॉक' हा पर्याय लावूनही ब्राउझर उघडेल, पण मग लॉक त्या एका मशीनपुरतेच राहतात. एकच माणूस दोन मशीनवर लॉगिन झाला की बुकमार्कची फाइल खराब होऊ शकते.

अडकलेला ब्राउझर मारल्यावर 'फायरफॉक्स आधीच चालू आहे' असं आलं, तर प्रोफाइलमधली 'लॉक' नावाची लिंक बघा. तीत आयपी पत्ता आणि प्रोसेस क्रमांक असतो. त्या मशीनवर ती प्रोसेस खरंच नाही, हे पाहिल्यावरच लिंक काढा.

प्रश्न : ब्राउझर उघडतो, पण सात-आठ टॅब झाले की माउससकट सगळं गोठतं. ब्राउझरची कॅश (पुन्हा लागतील म्हणून साठवलेल्या फाइली) टेंपमध्ये हलवली, तर उलट लवकर गोठायला लागलं.

उत्तर : डिस्क नसलेल्या मशीनवर टेंप बहुतेक वेळा टीएमपीएफएस असतं, म्हणजे रॅमच. मर्यादा दिली नाही तर ते निम्म्या रॅमपर्यंत फुगू शकतं. कॅश नेटवर्कवरून हलवली ते बरोबर, फक्त तिला लगाम हवा. फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिग या सेटिंगच्या पानावर 'ब्राउझर.कॅश.डिस्क.एनेबल' फॉल्स करा. मग ब्राउझर फक्त मेमरी-कॅश वापरेल. टेंपलाही माउंट करताना 'साइझ' द्या.

मग व्हीएमस्टॅट ही कमांड दर सेकंदाला चालवून 'एसआय' आणि 'एसओ' हे स्तंभ बघा, म्हणजे स्वॅपमधून (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची जागा) आत येणारं आणि त्यात बाहेर जाणारं. गोठताना तिथे सतत आकडे येत असतील आणि स्वॅप नेटवर्कवर असेल, तर मेमरीच्या प्रत्येक पानासाठी (तुकड्यासाठी) मशीन सर्व्हरपर्यंत फेरी मारतंय. त्याऐवजी झेडरॅम वापरा. तो रॅममध्येच पानं दाबून ठेवतो. तरीही पुरत नसेल तर रॅम वाढवण्याला पर्याय नाही.

प्रश्न : अडकणं टाळायला होम 'हार्ड'ऐवजी (सर्व्हरची वाट बघत राहणारं) 'सॉफ्ट' (ठरावीक वेळेनंतर सोडून देणारं) माउंट केलं तर?

उत्तर : नको. सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही की सॉफ्ट माउंट ब्राउझरला थेट एरर देतं, आणि ती नेमकी फाइल लिहिताना आली तर अर्धवट लिहिलेली फाइल हाती येते. हार्ड ठेवा, आणि 'एनएफएसस्टॅट उणे सी'मध्ये 'रीट्रान्स'चा (पुन्हा पाठवाव्या लागलेल्या विनंत्या) आकडा वाढतोय का ते पाहा. वाढत असेल तर केबल, स्विचचा पोर्ट आणि दोन्ही टोकांची डुप्लेक्स सेटिंग (एकाच वेळी दोन्ही दिशांना पाठवायचं की आळीपाळीने) तपासा.