बंदरावरच्या जुन्या शेडला सिमेंट? आधी हे वाचा

ताई, तुमच्या गावच्या बंदरावरच्या प्रवासी बोटीच्या जुन्या शेडचे फोटो पाहिले. चिऱ्याच्या भिंती, आतून फुटलेला पांढरा खार, आणि तुमचा प्रश्न : पावसाआधी सिमेंटचा गिलावा मारून घेऊ का? नऊ वर्षांपूर्वी आम्हीही इथेच अडलो होतो. मारू नका.

कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली १९९८ साली. त्याआधी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड घेत खाली यायची. आमच्या आजोबांचं स्टेशन म्हणजे आमच्या बंदरावरची अशीच शेड, म्हणून आमच्या मंडळाने ती दुरुस्तीला हाती घेतली. कौलं, वासे, रिपा तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

आमचं चुकलं ते गिलाव्यात. जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, पाणी पितो. चुन्याचा गिलावा असला तर ते बाहेर सुकून जातं. अंदाजपत्रकात आम्ही चुनाच लिहिला होता. एका कार्यालयाने ते तीनदा परत पाठवलं. "सिमेंट दाखवा, लगेच मंजूर होईल." मे महिना लागला होता, आम्ही मान तुकवली. दुसऱ्या पावसानंतर गिलावा फुगून पत्र्यासारखा सुटला आणि चिऱ्याचा दर्शनी थर सोबत घेऊन गेला. आत कोंडलेल्या ओलीतलं मीठ दगडातच फुलून त्याला भुसभुशीत करत होतं. तक्रार केली तर तेच कार्यालय म्हणालं, काम तुम्ही केलंत. गावातल्या म्हाताऱ्यांना ती भिंत दाखवताना घशाशी आलं होतं.

मी इंजिनिअर नाही, आणि प्रत्येक चिरा सारखा नसतो. जुन्या वास्तूंचं काम केलेला वास्तुविशारद एकदा आणाच. पण माझं मत ठाम आहे : मंजुरी वर्षभर लांबली तरी चालेल, चुन्यावरून हटू नका. काम दिवाळीनंतर लगेच धरा. चुना सावकाश धरतो, उन्हात तडकतो, म्हणून ओली गोणपाटं टांगून ठेवा. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातून मीठ पुन्हा भिंतीत जातं. आधी मागच्या बाजूला हातभर तुकडा करून एक पावसाळा बघा.

कुठे जुनं सिमेंट असेल तर ते छिन्नी-हातोडीनेच काढा. आमच्या ठेकेदाराने ब्रेकर लावला आणि तिकीट खिडकीची कमान हलली. ती आजही टेकूवर आहे.