मेथड कन्स्ट्रक्टरमध्ये लिहायची की प्रोटोटाइपवर?

तुमचा प्रश्न असा आहे: जावास्क्रिप्टमध्ये पुस्तक नावाच्या कन्स्ट्रक्टरमध्येच (म्हणजे नवे ऑब्जेक्ट बनवणाऱ्या फंक्शनमध्ये) 'धिस.माहिती' हे फंक्शन, म्हणजे मेथड, लिहिलं तरी कोड नीट चालतो, मग ते प्रोटोटाइपवर (म्हणजे त्या सगळ्या ऑब्जेक्टच्या सामायिक ऑब्जेक्टवर) का न्यायचं?

चालतो हे खरं. पण कन्स्ट्रक्टर हे शेवटी साधं फंक्शनच. 'न्यू' लावून ते जितक्या वेळा बोलवाल तितक्या वेळा आतली प्रत्येक ओळ नव्याने चालते. हजार पुस्तकं केलीत तर माहिती नावाची हजार वेगळी फंक्शनं तयार होतात. प१ आणि प२ अशी दोन पुस्तकं बनवा आणि कन्सोलमध्ये 'प१.माहिती === प२.माहिती' टाकून बघा, फॉल्स येईल. आता तेच फंक्शन बाहेर काढून 'पुस्तक.प्रोटोटाइप.माहिती'ला द्या, पुस्तकं पुन्हा बनवा, ट्रू येईल.

'न्यू' आधी रिकामा ऑब्जेक्ट बनवतं, तो पुस्तक.प्रोटोटाइपला जोडतं, त्यालाच धिस धरून कन्स्ट्रक्टर चालवतं आणि तो ऑब्जेक्ट परत देतं. पुढे प१.माहिती मागितली की इंजिन आधी प१ मध्ये शोधतं, तिथे नसेल तर प्रोटोटाइपवर जातं. फंक्शन एकच, पण डॉटच्या डावीकडे जो ऑब्जेक्ट असेल तोच धिस होतो, म्हणून प्रत्येक पुस्तक स्वतःचंच शीर्षक सांगतं. इथे ॲरो फंक्शन मात्र वापरू नका. त्याला स्वतःचं धिस नसतं.

खरी गोची पुढे आहे. मेथड सामायिक करता येते म्हणून नवशिके डेटाही प्रोटोटाइपवर टाकतात. 'प्रती: १' असा आकडा टाकला तर काही बिघडत नाही, कारण 'प१.प्रती = ५' लिहिताच प१ वर त्याची स्वतःची 'प्रती' तयार होते. त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. मग कोणी तिथे 'वाचक' नावाचा रिकामा ॲरे (यादी) ठेवतो आणि प१.वाचक.पुश करून त्यात एक वाचक टाकतो. इथे नवी किंमत दिलेली नाही, असलेला ॲरेच बदलला आहे, आणि तो सगळ्यांचा एकच आहे. प२ मध्येही तो वाचक दिसू लागतो, एरर येत नाही. म्हणून ॲरे आणि ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमध्येच, धिसवर ठेवा.

२०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये 'क्लास' आला. त्यात लिहिलेल्या साध्या मेथड आपोआप प्रोटोटाइपवर जातात, आणि 'न्यू' विसरलात तर लगेच टाइपएरर मिळतो. नव्या कामात क्लासच वापरा, पण एकदा तरी हे सगळं जुन्या पद्धतीने हाताने लिहून बघा.

आणि कन्स्ट्रक्टरमधलं स्थानिक व्हेरिएबल मेथडला थेट वापरायचं असेल, तर ती मेथड आतच लिहावी लागते. तिथे तुमची पद्धत बरोबर आहे.