एका घरातले तीन किराणे

"मॅडम, पगार होते एक तारखेला अन् वीस तारखेला हिचा फोन येते, पैसे टाका म्हणून. चौघांचं घर आहे आमचं, खानावळ नाही."

नागपुरातल्या नंदनवनहून आलेल्या त्या दादांनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे सांगून टाकलं. शेजारी ताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. दादा हिंगण्याच्या एमआयडीसीत, पगार 48 हजार. ताई घरी शिकवण्या घेतात. मुलगी चौथीत, आणि सासूबाई. (दोघांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके बदल करून लिहितेय.)

"किराणा आवरत नाही" म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला कोणी येत नाही. येतात ते "आमची भांडणं होतात" म्हणून. शेवटचं भांडण कधी झालं विचारलं, की बरेचदा महिन्याचा शेवटचा आठवडा निघतो.

पहिल्या भेटीत मी काटकसरीचा एकही उपाय सांगितला नाही. एवढंच म्हटलं, महिनाभर घरात येणाऱ्या प्रत्येक सामानाची चिठ्ठी एका पिशवीत टाका. कोणी आणलं, कशाला आणलं, यावर कोणी कोणाला बोलायचं नाही. आणि पुढच्या वेळी आईंनाही घेऊन या.

"आईचा काय संबंध? ती तर दुकानात जातही नाही."

"या तर घेऊन."

महिन्याने पिशवी टेबलावर उपडी केली. चिठ्ठ्यांचे तीन ढीग झाले. गल्लीतल्या दुकानदाराचा महिन्याचा किराणा, 6,400. ताईंच्या मोबाइलवरून दहा मिनिटांत घरपोच येणारं सामान, 31 ऑर्डरी, 7,150. आणि दादांच्या चार रविवारच्या मॉलवाऱ्या, 4,700. एकूण 18,250. दूध आणि भाजी वेगळी.

दादांना वाटलं जिंकलो. "बघा, सात हजार मोबाइलवर! त्यात डिलिव्हरी, हँडलिंग अन् काय काय मिळून 640 नुसती वरची." हे खरंच होतं. छोट्या ऑर्डरीला हा भुर्दंड बसतोच. मग त्यांच्याच ढिगातली एक चिठ्ठी मी त्यांच्यापुढे सरकवली. पाच किलो धुण्याची पावडर, सोबत बादली फुकट. दोन आठवड्यांनी तीच पावडर, पुन्हा बादली.

"ऑफर होती न," दादा म्हणाले. ताई पहिल्यांदा हसल्या.

मी ताईंच्या ऑर्डरी एकेक करून पाहिल्या. सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर), ब्रेड, लाइटर, चिप्स, हे समजण्यासारखं. पण जिरं तीनदा, मोहरी दोनदा, हिंग, शेंगदाणे? हे तर महिन्याच्या किराण्यातही होतं. घरात जिरं असताना पुन्हा जिरं का मागवलं?

ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग सासूबाईंकडे न बघता म्हणाल्या, "कोठीची किल्ली आईंकडे असते. जिरं मागितलं की म्हणतात, परवाच तर काढून दिलं. दरवेळी हिशोब द्यावा लागते. मोबाइलले नाही द्यावा लागत."

सगळी पिशवी मला या एका वाक्यात सापडली. एका घरात तिघं तीन दुकानं चालवत होते आणि कोणालाच दुसऱ्याच्या दुकानात काय आहे ते ठाऊक नव्हतं. अशा घराला "यादी करून जा, पोट भरलेलं असताना खरेदीला जा" हे सांगून काडीचा उपयोग नसतो. ते सल्ले चांगले आहेत, पण ज्या घरात यादी करायची कोणी, हेच ठरलेलं नाही, तिथे ते चालत नाहीत.

सासूबाई तोवर ताठ बसलेल्या. मी त्यांना गव्हाचं विचारलं. दरवर्षी मे महिन्यात तीन क्विंटल गहू भरतात, गच्चीवर ऊन दाखवून, एरंडेल चोळून. हे माप मोठा मुलगा, सून, नातवंडं एकत्र होती तेव्हाचं. ते घर वेगळं होऊन सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी पावसाळ्यात सोंडे लागले, क्विंटलभर गहू गाईच्या तोंडी गेला. म्हणजे तीनेक हजार रुपये, आणि ते कोणत्याच चिठ्ठीत नव्हते.

"आमचे हे गेले तेव्हा लोकं म्हणत, आता हिचं कसं होईल," त्या म्हणाल्या. "माझी कोठी एक दिवस रिकामी नाही राहिली बाई."

त्यांना "कमी भरा" असं तोंडावर सांगणारी मी कोण? मी विचारलं, चक्कीवर महिन्याला किती जातं? बारा-तेरा किलो. वर्षाचा गुणाकार त्यांनीच बोटांवर केला आणि दीड क्विंटलवर येऊन थांबल्या.

मग वाटणी ठरली. धान्य आणि डाळ सासूबाईंची, पण मोजून. इतवारीच्या घाऊक बाजारात जाऊन सुटी डाळ आणायचा त्यांचा हट्ट दादांना जुनाट वाटायचा. मी सांगितलं, 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबलवाल्या डाळ-तांदळावर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. सासूबाईंनी मुलाकडे असं काही पाहिलं की विचारू नका. अर्थात दोन किलो डाळीसाठी नंदनवनहून इतवारीचा ऑटो केला तर उरलेलं भाड्यात जातं, हेही मी लगेच जोडलं. जायचं तर तीन-चार महिन्यांचं एकदम.

महिन्याची यादी ताईंची. 28 तारखेला सगळे डबे उघडून बघायचे, मगच लिहायचं. त्यासाठी किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आली. या किल्लीवरच एक पूर्ण भेट गेली.

आणि दादांना काय द्यायचं? त्यांना आकड्यांची आवड, म्हणून पाकिटावरचे बारीक अक्षरांतले भाव त्यांच्याकडे दिले. किमतीशिवाय दर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव हल्ली छापलेला असतो, कोणी वाचत नाही. पुढच्या भेटीत ते तेलाच्या दोन पिशव्यांचे फोटो घेऊन आले. एक 128 ची, एक 141 ची, दिसायला सारख्या. "मॅडम, ही 128 वाली 800 ग्रॅमच आहे! लिटरमध्ये 910 ग्रॅम येते. म्हणजे हिचा किलोला 160 अन् महागवालीचा 155. मी दोन वर्षं स्वस्त समजून हीच आणून राहिलो."

मोबाइल बंद करायचा नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. आठवड्यातून एक ऑर्डर, आणि त्यापलीकडे महिन्याला 600 रुपये ताईंचे, ज्याचा हिशोब कोणी विचारायचा नाही. दादा यावर सर्वांत जास्त अडले. "मग बचत काय झाली?" मी हटले नाही. त्या जिऱ्याच्या पुड्या जिऱ्यासाठी मागवलेल्या नव्हत्या. 600 काढून घेतले असते तर चार महिन्यांनी पुन्हा सात हजार झाले असते.

तिसऱ्या महिन्याची बेरीज 14,300 आली, ताईंचे 600 धरून. दादांना बारा हवे होते, ते काही झाले नाहीत. मुलीची परीक्षा, पाहुणे, दोनदा अर्ध्या रात्री चिप्स. सासूबाई मात्र आता सुनेला घेऊन सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात जातात, दिवेलागणीला, भाजीवाले आवरायला लागतात तेव्हा. घासाघीस सासूबाई करतात, पिशवी सून धरते. भांडण होतं, पण ते वांग्यांवरून.

शेवटच्या भेटीत उठता उठता ताई म्हणाल्या, "ह्यांना विचारा न मॅडम, परवाच्या रविवारी काय आणलं ते."

दादा चप्पल शोधत होते. "दर किलोचा भाव पाहूनच घेतली," ते म्हणाले. "पावडर खरंच स्वस्त होती."

"अन् बादली?"

"ती फुकट होती."