तुमचे प्रश्न : वणव्याआधी, वणव्यात आणि राख थंड होईपर्यंत

सरकारी वनखात्यात वणवा नियंत्रणाचा कार्यक्रम चालवणाऱ्यांचे आणि त्या वाटेवर असलेल्यांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बरीच वर्षे रोपवने सांभाळल्यावर माझ्याकडे वणव्याचा कार्यक्रम आला आहे. हंगामाला चार महिने आहेत. निधी आधी गाड्या-पंपांवर घालू की माणसांवर?

दोन्हींच्या आधी एका तक्त्यावर वेळ घाला. आजचा धोका कोणत्या पायरीचा, त्या पायरीला किती तुकड्या कुठे बसवायच्या, किती वाजेपर्यंत थांबवायच्या, टेहळणीच्या मनोऱ्यावर कोण आणि सुट्ट्या कधी बंद, एवढेच त्यात हवे. हे आधी लिहिलेले नसेल तर दर दुपारी फोनाफोनी होते आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे तुकडी जाते.

तक्ता करायला निदान दहा वर्षांच्या हवामान नोंदी आणि तेवढ्याच वर्षांची वणवा नोंदवही काढा. कॅनडातली फायर वेदर इंडेक्स (हवामानावरून वणव्याचा धोका आकड्यात मांडणारी) पद्धत दुपारच्या चार आकड्यांवर चालते : तापमान, आर्द्रता, 10 मीटर उंचीवरचा वारा आणि मागच्या 24 तासांतला पाऊस. जुन्या नोंदींवरून रोजचा निर्देशांक काढा आणि मोठे वणवे कोणत्या आकड्याला लागले ते पाहा. शंभरातल्या 90 दिवसांपेक्षा वाईट आणि 97 दिवसांपेक्षा वाईट, अशा दोन रेषा बहुतेक ठिकाणी वरच्या पायऱ्यांसाठी उपयोगी पडतात. दुसऱ्या प्रदेशाचे आकडे उचलू नका. तिकडचे गवत आणि तुमचे गवत एकाच आकड्याला पेटत नाही.

याच पद्धतीत एक सापळा आहे. तिच्यात ओलाव्याचे तीन अंक असतात. वरच्या बारीक पालापाचोळ्याचा अंक दिवसाच्या आत बदलतो, त्याखालच्या सैल कुजलेल्या थराचा दोनेक आठवड्यांच्या गतीने आणि खोल थराचा सुमारे 52 दिवसांच्या गतीने. मोठी सर आली की पहिला अंक कोसळतो, सगळे निःश्वास सोडतात आणि तुकड्या घरी जातात. दोन उन्हांत गवत पुन्हा कडक होते. खालचा थर तर कोरडाच राहिलेला असतो. तुकड्या कमी करण्याचा निर्णय पहिल्या अंकावर कधीच घेऊ नये.

आता पैसा. क्रम असा ठेवा : हंगामी माणसे आणि त्यांचे प्रशिक्षण, मग वायरलेस, मग हातअवजारे, शेवटी गाड्या. उलटा क्रम लावला की गाडी असते, पण पंप चालवणारा नसतो. होज (पाण्याच्या नळ्या) घेताना शेजारच्या खात्याच्या आणि अग्निशमन दलाच्या होजचे कपलिंग, म्हणजे टोकाचा जोड, आधी पाहा. बसत नसेल तर अडॅप्टर घ्या आणि ते प्रत्येक गाडीत ठेवा. पाण्याचा साठा आहे, माणसे आहेत, पण आटे जुळत नाहीत, हा प्रकार ऐकायला विनोदी वाटतो. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात आग ओढा ओलांडून जाते.

प्रश्न : जळत्या कडेला थेट भिडायचे की मागे सरून जाळरेषा (आग अडवायला पाला-गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायची, हे प्रमुखाने ठरवावे की जागेवरच्या तुकडीप्रमुखाने?

जागेवरच्याने. प्रमुखाने मर्यादा आखून द्यायची आणि ती ओलांडायचा दबाव वरून येऊ द्यायचा नाही.

मर्यादा ज्वाळेच्या लांबीवर बांधा. साधारण 1.2 मीटरपर्यंतच्या ज्वाळेला हातअवजारे घेतलेली माणसे आगीच्या तोंडावर, म्हणजे ती पुढे सरकते त्या कडेला, भिडू शकतात. 1.2 ते 2.4 मीटरमध्ये माणसांनी तोंडासमोर उभे राहू नये; तिथे डोझर, पंपाच्या गाड्या, विमाने. त्याच्या वर झाडे पेटू लागतात, ठिणग्या पुढे उडून नव्या आगी लागतात. 3.4 मीटरच्या पुढे तोंडावरचे प्रयत्न वाया जातात. मागून आणि बाजूने काम करायचे, किंवा हवामान बदलेपर्यंत थांबायचे. चढाचा हिशेब याशिवाय : दर 10 अंश चढाला आगीचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. उतारावरच्या तुकडीच्या खाली आग असेल तर ज्वाळ कितीही लहान असो, आधी जागा बदला.

रेषेची सुरुवात अशा जागी करा जिथून आग वळसा घालून मागे येऊ शकत नाही : रस्ता, खडक, ओढा किंवा आधीच जळून थंड झालेला पट्टा. रेषा खनिज मातीपर्यंत खरवडलेली हवी. वरचा पाला झाडून काढला, पण कुजलेला थर तसाच राहिला तर आग रेषेच्या खालून पलीकडे जाते, मुळांतूनही जाते. रुंदी झुडपांच्या उंचीच्या दीडपट, हा जुना ढोबळ हिशेब. चढावरच्या आगीच्या खाली आडवी रेषा काढताना तिला चराचा आकार द्या आणि खणलेली माती खालच्या कडेला रचा, म्हणजे गडगडत येणारी जळकी खोडके तिथेच अडकतात.

रेषा आणि आग यांच्यामध्ये न जळलेले रान तसेच सोडून पुढे जाणे ही नेहमीची चूक आहे. रेषा झाली की तो पट्टा तिथूनच जाळून घ्या.

चार गोष्टी ठरल्याशिवाय तुकडी कामाला लागू नये : टेहळणीला कोण, संपर्क कोणत्या चॅनेलवर, सुटकेच्या वाटा कोणत्या, सुरक्षित जागा कुठे. अमेरिकेच्या वनसेवेतल्या पॉल ग्लीसन यांनी 1991 मध्ये ही चौकट मांडली. सपाट, वारा नसलेल्या जागी माणूस आणि ज्वाळ यांच्यात ज्वाळेच्या उंचीच्या निदान चौपट अंतर हवे. 3 मीटरच्या ज्वाळेला 12 मीटर, आणि तेही चारही बाजूंना. चढ आणि वारा असेल तर बरेच जास्त.

प्रमुखाची खरी परीक्षा संपर्काची आहे. 6 जुलै 1994 रोजी कोलोरॅडोतल्या साउथ कॅन्यन वणव्यात 14 जण गेले. कोरड्या थंड हवेच्या झोताचा इशारा त्या दिवशी दिलेला होता. तो डोंगरावरच्या माणसांपर्यंत पोचला नाही. इशारा पाठवला याची नोंद पुरेशी नाही. प्रत्येक तुकडीप्रमुखाने तो वायरलेसवर परत म्हणून दाखवायचा आणि वेळ लिहायची.

प्रश्न : नियोजित जाळणीला (वाळके गवत, पाला, काटक्या हे इंधन कमी करायला ठरवून लावलेल्या आगीला) मंजुरी आहे, माणसे आणि गाड्या आल्या आहेत, निधी महिनाअखेर परत जाईल. हवामान आराखड्यातल्या मर्यादेच्या अगदी कोरड्या टोकाला आहे. पेटवावे का?

तुम्ही दिलेल्या कारणांमधले एकही हवामानाचे नाही, हे लक्षात घ्या. निधी परत जातो म्हणून पेटवलेली जाळणी कोणत्याही चौकशीत समर्थन करण्याजोगी नसते.

आराखड्यात तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा, बारीक वाळक्या इंधनातला ओलावा यांना खालची आणि वरची, दोन्ही टोके असतात. वेगवेगळे आकडे आपापल्या मर्यादेत असले, पण सगळेच एकाच वेळी कोरड्या टोकाला टेकले, तर आग आराखड्यातल्यासारखी वागत नाही. म्हणून ‘तीनपेक्षा जास्त घटक टोकाला असतील तर नाही’ अशी ओळ आराखड्यातच घाला. तीन हा आकडा आमचा आहे. तुमच्या रानाला दोन लागेल.

न्यू मेक्सिकोत 6 एप्रिल 2022 रोजी अमेरिकी वनसेवेची एक नियोजित जाळणी हाताबाहेर गेली. जाळणाऱ्यांना वाटत होते त्यापेक्षा परिस्थिती बरीच कोरडी होती, असे नंतरच्या पाहणीत निघाले. जवळच जानेवारीत जाळलेला लाकडांचा एक ढीग बर्फाखाली धुमसत राहून एप्रिलमध्ये वर आला आणि दोन्ही आगी मिळाल्या. 3,41,000 एकर जळाले. मे महिन्यात वनसेवेने देशभरातल्या आपल्या नियोजित जाळण्या 90 दिवस थांबवल्या. एका दिवसाची घाई सगळ्या कार्यक्रमाला किती महाग पडते ते इथे दिसते.

पेटवायचेच असेल त्या दिवशीचा क्रम : इंधनाचा ओलावा जागेवरच मोजा, जुन्या आकड्यांवर जाऊ नका. वाऱ्याच्या खालच्या (वारा जिकडे जातो त्या) कोपऱ्यात छोटी चाचणी आग लावा आणि ज्वाळ, धूर, ठिणग्या आराखड्याशी ताडून पाहा. जुळत नसेल तर तिथेच विझवा; विझवता येईल एवढीच ती हवी. मग वाऱ्याच्या खालच्या कडेला, चढ असेल तर माथ्याला, काळा (आधीच जाळून घेतलेला) पट्टा तयार करा आणि त्यानंतर अरुंद पट्ट्यांनी वारा येतो त्या बाजूकडे मागे सरकत जा. पट्टा जितका रुंद तितकी ज्वाळ मोठी, म्हणून ड्रिप टॉर्च (पेटते तेल जमिनीवर ठिबकवणारा हातातला डबा) धरणारा उतावळा नको. ड्रिप टॉर्चमध्ये तीन भाग डिझेल, एक भाग पेट्रोल; उन्हाच्या दिवशी डिझेल चार भाग. टॉर्च आणि कॅन भरताना जमिनीवर ठेवा. गाडीच्या हौद्यात भरू नका, स्थिर विजेची ठिणगी पुरते.

निसटलीच तर कोण येणार हेही आधी लिहा : तुकडीचे नाव, किती मिनिटांत पोचेल, आणि त्या दिवशी ती दुसऱ्या कामाला दिलेली नाही याची खात्री. ‘शेजारच्या विभागाची मदत घेण्यात येईल’ हे वाक्य आराखड्यात दिसले की सही करू नका.

आणि ओल्या टोकाचीही भीती ठेवा. फार ओल्या दिवशी जाळले तर डाग-डाग जळते, इंधन तसेच उरते आणि नोंदवहीत मात्र हेक्टर भरलेले दिसतात.

प्रश्न : उपग्रहाच्या सूचनेवर पथक गेले की निम्म्या वेळा तिथे काही सापडत नाही. ही सेवा बंद करावी का?

बंद करू नका, वाचायला शिका. सूचनेतला बिंदू आगीची जागा नसतो. उपग्रह जमिनीचा जो तुकडा एका ठिपक्यात पाहतो त्या चौकटीचा तो मध्य असतो. उपग्रहांवरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाची चौकट 375 मीटरची, मोडिस या दुसऱ्या उपकरणाची 1 किलोमीटरची, आणि कडेला ती आणखी ताणली जाते. पथकाला बिंदू न देता त्याभोवतीचे वर्तुळ द्या. हे उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातात, त्यामुळे दुपारी लागून संध्याकाळी विझलेली गवताची आग त्यांना दिसणारही नाही. ढगांआडून दिसत नाही. दाट झाडोऱ्याखालची मंद आगही निसटते. मनोरा आणि फिरती गस्त म्हणूनच लागते. भट्ट्या आणि कारखाने वारंवार तेच बिंदू देतात. त्यांची यादी करून गाळून टाका. प्रत्येक सूचनेपुढे या पाच टप्प्यांची वेळ लिहा : लागल्याचा अंदाज, कळले, निघाले, पोचले, आटोक्यात. हंगामाअखेर कळले आणि निघाले यांतले अंतर पाहिलेत तर बहुधा उपग्रहापेक्षा कार्यालयच उशीर करते असे दिसेल.

प्रश्न : वनखाते, अग्निशमन दल आणि पोलीस एकाच वेळी पोचले तर प्रमुख कोण?

जागा आणि कायदा पाहून एकच, किंवा लेखी ठरवलेले संयुक्त नेतृत्व. पण एका माणसाला एकच वरिष्ठ, आणि एका वरिष्ठाखाली तीन ते सात जण, पाच उत्तम. 1970 च्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत प्रत्येक संस्था आपली भाषा बोलत होती. त्यातून इन्सिडेंट कमांड सिस्टिम (अनेक संस्थांनी एका रचनेखाली काम करायची पद्धत) आकाराला आली. शब्द जुळवायला हसू नका : त्या पद्धतीत ‘टँकर’ म्हणजे विमान आणि पाण्याची गाडी म्हणजे ‘टेंडर’. टँकर मागवणाऱ्याला काय हवे होते हे वायरलेसवर विचारत बसण्याइतका वेळ नसतो.

प्रश्न : आमची माणसे सलग अठरा-वीस तास काम करतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. थांबवू कसे?

हजेरीपटाने. अमेरिकेतला नियम दोन तास कामाला (प्रवास धरून) एक तास विश्रांतीचा आहे, म्हणजे 16 तासांनंतर निदान 8 तास. सलग नेमणूक 14 दिवसांची. हा हिशेब प्रमुखाने स्वतः पाहावा, कारण थकलेला माणूस आपण थकलो हे सांगत नाही, आणि परतीच्या रस्त्यावर गाडीही तोच चालवतो. तंदुरुस्तीची चाचणी हंगामाआधी घ्या : 20 किलोच्या आसपास ओझे घेऊन 4.8 किलोमीटर 45 मिनिटांत, चालत, पळायचे नाही. चाचणीआधी हृदयाची तपासणी होऊ द्या. वणव्याच्या कामात हृदयविकार हे मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे.

प्रश्न : ‘आग विझली’ असा निरोप दिल्यावर तिसऱ्या दिवशी तीच पुन्हा भडकली. चूक कुठे झाली?

‘आटोक्यात’ आणि ‘विझली’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले तिथे. आटोक्यात म्हणजे भोवती रेषा पूर्ण. विझली म्हणजे आत हात लावला तरी गरम लागत नाही. लहान आग पूर्ण विझवा. मोठ्या आगीत निदान रेषेपासून 30 मीटर आतपर्यंत. पोकळ उभी खोडे आधी, कारण ती वाऱ्यावर ठिणग्या उडवतात आणि माणसावर पडतातही. पाणी नुसते वरून ओतू नका. ओता, कुदळीने उलथा, पुन्हा ओता. पाणी नसेल तर निखारे खरवडून वेगळे करा आणि मातीत घोळा. मातीखाली पुरू नका, पुरलेले निखारे आठवडे टिकतात. मग हातमोजा काढून हाताची मागची बाजू राखेजवळ न्या, ऊब नसेल तरच टेकवा, आणि मुळांच्या भोकांपाशी पुन्हा तपासा. पहाटे, गारव्यात, धुराची बारीक रेघ सर्वांत स्पष्ट दिसते. गस्त त्या वेळेला लावा, आणि दुपारी वारा उठल्यावर एकदा.